तांबं नसलेली वायर

श्रीमंत पगारे यांनी आयुष्यात एकही वस्तू एकाच दुकानात विचारून घेतली नव्हती. कोपरगाव तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात, खरेदी विभागात, ते वरिष्ठ लिपिक होते. तिथे एकवीस वर्षं काढल्यावर माणूस भाजी घेतानासुद्धा मनातल्या मनात कोटेशनं मागवतो. घरात कुकरची शिट्टी बदलायची झाली तरी तीन दुकानांचे भाव, तुलनात्मक तक्ता, खाली शेरा आणि सही. लग्नाच्या वेळीही त्यांनी रीतसर तीन स्थळं पाहिली होती. तक्त्यात पुष्पावतीबाई दुसऱ्या आल्या. पहिल्या आलेल्या मुलीने नकार कळवला म्हणून काम यांना मिळालं. हे पुष्पावतीबाईंना माहीत होतं, आणि वर्षातून दोनदा तरी त्या याची आठवण करून देत.

अशा माणसाकडे अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत मस्कतहून एक खोकं आलं.

पाठवणारा संदीप, पुष्पावतीबाईंचा धाकटा भाऊ. नेवाशाचा हा पोरगा तिकडे एसीची कामं करायचा. त्याचा गोरा साहेब मायदेशी परत निघाला, जाताना घरातलं सामान वाटून गेला, त्यातलं हे संदीपच्या वाट्याला आलं. सुट्टीवर आलेल्या मित्राच्या हाती त्याने ते पाठवलं होतं. आत एक चपटा काळा सीडी प्लेअर, दोन छोटे पण भलतेच जड स्पीकर, आणि एक चिठ्ठी.

'दाजी, हा साधा प्लेअर नाही. हा तबकडी फक्त वाचतो, गात नाही. त्याच्या पाठीला एकच भोक आहे, त्यातून नुसते आकडे बाहेर येतात. त्या आकड्यांचा आवाज करणारा डिजिटल कन्व्हर्टर आणि तो आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, एवढी मधली दोन खोकी तुम्ही घ्या. तुम्ही खरेदीतले माणूस, तुम्हाला मी काय सांगणार!'

हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. श्रीमंतराव ते वाचून दोन इंच उंच झाले.

खोक्याच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली एक चांदीसारखी तबकडी होती. तिच्यावर नाव नाही, चित्र नाही. सोबत कागदाचा चिटोरा: 'ताई, ही तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणाकडे वाजवू नको. घरी, नीट मशीनवर, पहिल्यांदा तू ऐक.'

पुष्पावतीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत. दिवसभर साठ पोरांना गप्प बसवून आलेली बाई, पण ती तबकडी हातात घेऊन त्या पाटावर बसल्या त्या बसल्याच. तीन वर्षं भाऊ दिसला नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेजारच्या गोरक्षनाथांच्या फोनवर त्याचा फोन येई, तोही 'बरं आहे, बरं आहे' म्हणेपर्यंत कट होई. या तबकडीत त्याने काय पाठवलंय, एवढं एक त्यांना कळायला हवं होतं.

"अहो, दोनच तर खोकी आहेत. कोपरगावात जाऊन घेऊन या ना."

"अगं, पण कोणती दोन?"

"वाजतील ती."

"वाजतील ती! अशाने कारखाना बुडेल."

"हा कारखाना नाही, घर आहे."

"म्हणूनच जास्त जपून करायचं," श्रीमंतराव म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून कार्बन पेपर काढला.

नगर, नाशिक आणि पुणे अशा तीन ठिकाणच्या दुकानांना 'विषय: गृहोपयोगी ध्वनिवर्धक व डिजिटल कन्व्हर्टरचे दरपत्रक मिळणेबाबत' अशी पत्रं गेली. पत्रं जातात न जातात तोच कारखान्याच्या कॉलनीभर बातमी झाली. सर्वांत आधी गोरक्षनाथ शेळके आले. हे कारखान्यात वायरमन, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाकार्याला लाउडस्पीकर लावायचे, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत तालुक्यात आपल्यापुढे कुणी नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"भाऊसाहेब, घ्यायचा तर असा घ्या, की पुनतांब्यात लावला तर नदीपल्याड ऐकू गेला पायजे."

"अहो गोरक्षनाथ, मला तेरा फुटी खोलीत ऐकायचंय."

"मग खोली मोठी करा!"

श्रीमंतरावांच्या आई चांगुणाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. निवडत म्हणजे चाचपत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कान असे, की एसटी फाट्यावर वळली की सांगायच्या, "ही नेवाशाची न्हाई, वैजापूरची हाय. हिचा पत्रा वाजतो." आणि वैजापूरचीच निघायची.

"नदीपल्याड कशाला ऐकवायचं रं गोरख्या?" त्या म्हणाल्या. "तिकडच्यांनी आपलं काय वाईट केलंय?"

महिन्याभराने उत्तरं आली. नगरच्या दुकानदाराने भजनी मंडळाचा सेट सुचवला होता, बॅटरीवर चालणारा. 'कन्व्हर्टर सध्या शिल्लक नाही, त्याऐवजी जादा भोंगा देऊ.' नाशिकच्या दुकानाने उत्तराऐवजी नव्या वर्षाचं कॅलेंडर पाठवलं. पुण्याच्या जोग नावाच्या दुकानदाराने मात्र भाव दिलाच नाही, उलट आपणच चार प्रश्न विचारले. खोलीची लांबी-रुंदी-उंची काय? भिंती विटांच्या की दगडाच्या? आपण संगीत कोणते ऐकता? आणि, ऐकणाऱ्याच्या कानांचे वय काय?

"कानाचं वय?" श्रीमंतराव भडकले. "जन्मदाखल्यात कान वेगळे लिहितात का? मी काय माणूस आहे की सेकंडहँड ट्रॅक्टर?"

पण नियम म्हणजे नियम. तीन दरपत्रकं आली नाहीत तेव्हा फेरनिविदा करणं भाग होतं. ती केली. फेब्रुवारी गेला. नाशिकहून दुसरं कॅलेंडर आलं. पहिल्या रविवारी संदीपचा फोन आला, पुष्पावतीबाई पदर खोचून धावत गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ऐकलं का ताई? मी म्हटलं, तुझ्या दाजींचं पत्र गेलंय. तर हसला मेला. म्हणाला, पौर्णिमेला अकरा वाजता फोन करतो, तोवर तरी ऐकशील ना?"

पौर्णिमा म्हणजे बुद्ध पौर्णिमा, मे महिन्यातली. श्रीमंतरावांनी हिशेब केला. वेळ भरपूर होता. सरकारी आणि सहकारी खात्यात 'वेळ भरपूर आहे' या वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं उंदरांनीसुद्धा केलेलं नाही.

मार्चमध्ये चांगुणाबाईंचे डोळे दाखवायला पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा श्रीमंतराव म्हणाले की जोगांचंही बघून टाकू. गोरक्षनाथ 'तांत्रिक सल्लागार' म्हणून स्वखर्चाने निघाले. डोळ्याच्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत मोकळं केलं, जोगांनी मात्र अडीच तास बसवलं.

जोगांचं दुकान म्हणजे एक अंधारी खोली होती. भिंतींना गालिचे लावलेले. जमिनीवर अंथरायची वस्तू भिंतीला का टांगली, हे चांगुणाबाईंनी विचारलं, तेव्हा जोगांनी ओठांवर बोट ठेवलं. एक गाणं लावलं. ते संपल्यावर म्हणाले, "आता दुसरा ॲम्प्लिफायर ऐका." पुन्हा तेच गाणं.

"जरा फुल करा की," गोरक्षनाथ म्हणाले.

"फुल करायचा नसतो," जोग म्हणाले, आणि श्रीमंतरावांकडे वळले. "फरक जाणवला?"

श्रीमंतरावांना कणभरही फरक जाणवला नव्हता. पण एकवीस वर्षं खरेदीत काढलेला माणूस तसं कसं म्हणेल?

"अर्थात!" ते म्हणाले. "दुसऱ्यात जरा... मोकळं वाटलं. पहिला थोडा कोंदट आहे."

"मी अजून बदललाच नाही," जोग शांतपणे म्हणाले. "बटण दाबायचं राहिलं. तोच आहे."

श्रीमंतरावांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. मग जोगांनी खरोखरच बटण दाबलं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून चांगुणाबाई म्हणाल्या, "आता बदलला. ह्यात तबलंवाल्याच्या बोटात आंगठी हाय, ती वाजती. मगाच्यात नव्हती ऐकू येत."

जोग जागचे उठले. त्यांनी तिसरा लावला, चौथा लावला, कन्व्हर्टर बदलून पाहिले. म्हातारी डोळे मिटून सांगत गेली. "ह्यात बाई दम घेती ते कळतं. ह्यात नुसतीच किंचाळती. हां, हे ऱ्हाऊ द्या. ह्यात माणसं खोलीत येऊन बसल्यावानी वाटत्यात." शेवटी जे दोन डबे ठरले ते दिसायला अगदीच साधे होते, दिवे नाहीत, बटणं दोन-तीन. जोगांनी चांगुणाबाईंना वाकून नमस्कार केला आणि चहा मागवला. बाकीच्या दोघांना अर्धा-अर्धा कप मिळाला.

स्वस्तातले डबे सोडून हे का घेतले, याची टिप्पणी श्रीमंतरावांनी परतीच्या एसटीतच लिहून काढली. कारणाच्या रकान्यात खूप विचार करून लिहिलं: 'आईची तांत्रिक शिफारस.'

खरं तर इथे ही गोष्ट संपायला हवी होती. डबे यायचे, वायर जोडायची, तबकडी लावायची. पण जोग माल ट्रान्सपोर्टने पाठवणार होते, आणि पत्ता लिहून देताना श्रीमंतरावांचा हात एकवीस वर्षांच्या सवयीने चालला. त्यांनी लिहिलं: 'खरेदी विभाग'.

खोकं कारखान्याच्या गेटवर उतरलं. वॉचमनने आवक रजिस्टरला नोंद केली. स्टोअरकीपरने पावती फाडली, आणि श्रीमंतराव धापा टाकत पोहोचेपर्यंत पांढऱ्या ऑइल पेंटने कन्व्हर्टरच्या तोंडावर कारखान्याच्या मालमत्तेचा डेड स्टॉक नंबर घातला: ४१७. नंबर सुबक होता, नाही म्हणायला जागा नाही.

"अरे, ते माझं आहे!"

"असेल की साहेब," स्टोअरकीपर ब्रश पुसत म्हणाला. "घेऊन जावा. फक्त गेटपास आणा."

गेटपासच्या फॉर्मवर वस्तू बाहेर नेण्याची तीन कारणं छापलेली होती: दुरुस्ती, परतावा, भंगार. 'चुकून आत आली' असा रकाना नव्हता. दुरुस्ती म्हणावं तर वस्तू पुन्हा आत आणावी लागे. परतावा म्हणावं तर ती पुण्याला जाई. राहिलं भंगार. आणि भंगार बाहेर काढायचं तर भंगारवाल्यांची तीन दरपत्रकं लागत. हा नियम नव्वद साली कुणीतरी फार हुशार माणसाने घातला होता. परिपत्रकाखाली सही होती, श्री. भि. पगारे.

तेव्हा श्रीमंतरावांचा कोरा ॲम्प्लिफायर आणि कोरा कन्व्हर्टर कारखान्याच्या भंगार यार्डात, गंजलेल्या पाइपांशेजारी, प्लॅस्टिकच्या कागदाखाली तीन आठवडे राहिले. रोज डबा खायच्या सुट्टीत ते तिथे जाऊन कागद नीट करून यायचे. कोपरगावचे दोन भंगारवाले येऊन डबे हलवून गेले, एकाने तर ठोकूनही पाहिलं. तिसरं दरपत्रक श्रीमंतरावांनी स्वतःच भरलं आणि स्वतःच्या मालकीची वस्तू भंगार म्हणून लिलावात सोडवली.

शेवटची सही खरेदी अधिकारी राधाकृष्ण ढोकणे साहेबांची. साहेबांची पद्धत अशी, की श्रीमंतराव कागदावर पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवत आणि साहेब त्या फुलीवर सही करत. वाचायची भानगड नाही. या वेळीही त्यांनी सही केली, पण मग चष्म्यावरून पाहिलं.

"पगारे, हे कन्व्हर्टर बॉयलरला लागतं का हो?"

"नाही साहेब. गाण्याला."

"असं असं. मग वाजलं की आम्हालाही बोलवा."

नाही कसं म्हणणार? बोलवावं लागलं. पौर्णिमेला सकाळी दहाला, खिरीसह.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी जोडणी करायला गोरक्षनाथ आले. स्पीकरच्या वायरी त्यांनी झटक्यात जोडल्या. मग प्लेअर आणि कन्व्हर्टरच्या मधली वायर हातात घेतली. काळी, सुतळीएवढी बारीक.

"ही वायर? भाऊसाहेब, हिच्यावर देवापुढचा बल्बसुदिक लागायचा न्हाई. तांबं किती हाय बघू."

आपल्याकडे विहिरीच्या मोटरीची केबल घेताना तांबं बघूनच घेतात. वर रंग तांब्याचा आणि आत भलतंच, अशा केबलीने कैक मोटरी जळालेल्या. गोरक्षनाथांनी पक्कड घेतली, वायर मधोमध कापली, दातांनी साल काढलं आणि उजेडात धरलं. आत तांबं नव्हतं. काचेसारखा पांढरा दोरा होता.

"फसवलं!" गोरक्षनाथ ओरडले. "भाऊसाहेब, तांबं न्हाई! ॲल्युमिनमसुदिक न्हाई! मासं धरायची दोरी घातलीया!"

श्रीमंतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. एकवीस वर्षांत एकही पुरवठादार त्यांना गंडवू शकला नव्हता. त्यांनी त्याच पावली जोगांना रजिस्टर पत्र धाडलं: 'सदर वायरीत तांब्याचा अंश आढळून आला नाही, तरी खुलासा व्हावा.' तोवर गोरक्षनाथांनी तुटक्या जागी अस्सल तांब्याची जाड वायर जोडून वर टेप गुंडाळली. मशीन लावलं. मशीन मुकं.

चौथ्या दिवशी जोगांचं पोस्टकार्ड आलं. 'सदर वायरीतून वीज जात नाही, उजेड जातो. उजेडाला तांबे चालत नाही. वायर कापली नसावी अशी आशा आहे. कापली असल्यास कशाने कापली ते कळवू नये, मला सहन होणार नाही.'

पोस्टकार्ड उघडं असतं. ते पोस्टमनने वाचलं होतं, गोरक्षनाथांच्या घरी वाचलं गेलं होतं, आणि पुष्पावतीबाईंनीही वाचलं होतं. हात धुऊन श्रीमंतराव जेवायला बसले, तर ताटात पिठलं होतं, कांदा होता, ठेचा होता, आणि भाकरीच्या जागी ती चांदीची तबकडी.

"हे काय?"

"भाकरीसाठी तीन ठिकाणी विचारा. स्वस्त मिळाली तर तिकडेच जेवा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी तबकडी ताटातून उचलून पदराने पुसली. "चार महिने झाले हो. माझ्या भावाने मला काहीतरी सांगितलंय आणि ते माझ्या साड्यांच्या घडीत पडून आहे. तुमच्या तक्त्यात मी सतरा वर्षांपूर्वी दुसरी आले, ते चाललं. आता तरी एकदा मला पहिली धरा."

श्रीमंतरावांच्या घशात घास अडकला असता, पण घासच नव्हता. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ऐक की रं बाबा तिचं. कान दिल्यात ना?"

दुसऱ्या दिवशी श्रीमंत पगारे यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. पहिल्या एसटीने पुणं गाठलं, सरळ जोगांच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "ती उजेडाची वायर द्या." भाव विचारला नाही. बिलसुद्धा वाचलं नाही. जोगांनी बजावलं की वाकवू नका, म्हणून ती हातभर वायर दोन्ही हातांत आडवी धरून ते उभ्याने आले. शिर्डीच्या अलीकडे कंडक्टर म्हणाला, "काका, हिचं हाफ तिकीट काढू का?" श्रीमंतराव रागावले नाहीत. राग येण्याइतकी जागाच त्यांच्यात उरली नव्हती.

पौर्णिमेला सकाळी पगाऱ्यांच्या तेरा फुटी खोलीत बावीस माणसं होती. पांढरी साडी नेसलेल्या पुष्पावतीबाईंनी मेणबत्त्या लावल्या, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना फुलं वाहिली, वंदना झाली. गोरक्षनाथांनी नवीन मशीन म्हणून नारळ आणला होता. तो कुठे फोडायचा यावर थोडी चर्चा होऊन, शेवटी स्वयंपाकघरात फोडून खिरीत घालायचा असं ठरलं. सगळ्यांनाच ते पटलं. ढोकणे साहेब एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत बसले. श्रीमंतरावांनी प्रास्ताविक केलं. ते लांबलं. चांगुणाबाई खोकल्या, तेव्हा संपलं.

वायर लावली. प्लेअरच्या भोकात लाल उजेड दिसला. गोरक्षनाथ वाकून बघत म्हणाले, "आयला, ह्यातून गानं जातं? फुकर मारली तर इझंल का?" त्यांना हाताला धरून मागे बसवलं.

पुष्पावतीबाईंनी तबकडी स्वतःच्या हाताने ठेवली. आधी काहीच नाही. मग डाव्या स्पीकरमधून: थप्. थप्. थप्.

"बिघडलं," कुणीतरी म्हणालं.

"गप ऱ्हा," चांगुणाबाई ताठ झाल्या. "भाकर हाय. आपली भाकर हाय ही. आपल्या परातीला चीर पडलीया, ती वाजती बघा."

आणि खरंच. उजव्या बाजूने रेडिओवरच्या बातम्या, मधूनच बादलीची कडी, लांबून कारखान्याचा भोंगा. तीन वर्षांपूर्वी परत जायच्या दिवशी संदीपने छोटा टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला होता आणि कुणालाच बोलला नव्हता; त्याच टेपवरून ही तबकडी केली होती. बावीस माणसं पगाऱ्यांच्या घरात बसून पगाऱ्यांचं घर ऐकत होती.

मग एक गृहस्थ बोलू लागले. आवाज स्वच्छ, खणखणीत.

"कुकरची शिट्टी? तीन दुकानांत विचारल्याशिवाय मुळीच नाही!"

खोलीत खसखस पिकली. श्रीमंतरावही हसले. पण ते गृहस्थ थांबेनात.

"आणि त्या गोरक्षनाथला विचारू नकोस. त्याच्या भोंग्याने कॉलनीतल्या चिमण्या उठून पुणतांब्याला गेल्या!... अगं, साहेबांचं काय घेऊन बसलीस? ढोकणे साहेबांना पंप आणि पंखा यातला फरक कळत नाही. मी पेन्सिलीने फुली मारतो, तिथे ते सही करतात. उद्या तुझ्या वाणसामानाच्या यादीवर फुली मारली तर त्यावरही करतील!"

श्रीमंतराव मशीनकडे झेपावले, पण कुठलं बटण बंद करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कोटेशनं मागवली होती, बटणं नव्हे. हाताला लागलं ते बटण फिरलं आणि आवाज फुल झाला. फुली, पंप, पंखा सगळं खोली भरून वाजलं, आणि आवाज असा निर्मळ की 'तो मी नव्हेच' म्हणायलाही सोय नाही. चांगल्या ॲम्प्लिफायरचा हा तोटा जोगांनी सांगितला नव्हता.

सगळ्यांचे डोळे गादीच्या खुर्चीकडे लागले. ढोकणे साहेबांनी सावकाश चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"पगारे," ते म्हणाले, "फुली जरा ठळक मारत जा. नंबर वाढलाय माझा. गेल्या आठवड्यात दोन सह्या भलतीकडेच झाल्या."

त्यावर जो हशा उठला त्यात सर्वांत मोठा साहेबांचाच होता. गोरक्षनाथ तर मांडीवर थापा मारत म्हणाले, "चिमन्या! भाऊसाहेब, चिमन्यांचं खरं हाय बरं का!"

"गप ऱ्हा रं समदी!" चांगुणाबाई ओरडल्या. "ती गाती."

हशा विरला. तबकडीत रेडिओ बंद झाला होता, श्रीमंतराव कामावर गेले होते. थप्, थप्, थप्, आणि त्या तालावर एक बाई गात होती. हळू, स्वतःशीच, घरात कुणी नाही असं समजून.

"बंधू चालला दूरदेशी, शिदोरी गं बांधू किती,
भाकर सरंल वाटंवरी, माया पुरंल जल्माइती..."

पुष्पावतीबाईंनी पदराने तोंड झाकलं होतं आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. श्रीमंतराव तसेच मशीनपाशी उकिडवे बसून राहिले. सतरा वर्षं रोज सकाळी ते साडेसहाला रेडिओ मोठ्याने लावत आणि कामावर निघाल्यावर तो बंद होई. म्हणजे रोज, बरोब्बर ते फाटकातून बाहेर पडले की, हे घरात होत होतं. बायको गाते हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि किती गोड गाते! एवढी वर्षं हे हुकलं याची चुटपुट लागली, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की लपवायचा कुठे ते सुचेना.

अकराला गोरक्षनाथांच्या घरून हाक आली. पुष्पावतीबाई धावत गेल्या. फोनवर संदीप विचारत होता, "ऐकलं का ताई? मी दर शुक्रवारी, सुट्टीला ऐकतो. जेवताना." त्या काय म्हणाल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. पण या वेळी फोन कट व्हायची वाट त्यांनी पाहिली नाही, भडाभडा बोलत राहिल्या. खिरीचा मोठा वाडगा चांगुणाबाईंनी आधी मशीनपुढे ठेवला आणि मग आठवण येऊन साहेबांना दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा झाले तरी पगाऱ्यांच्या घरात रेडिओ लागला नाही. श्रीमंतराव चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. पुष्पावतीबाईंनी पीठ मळलं, गोळा केला, परात पुढे ओढली आणि मागे वळून पाहिलं.

"काय हो, रेडिओ बिघडला का?"

"नाही."

"मग इथं काय करताय?"

"ऐकतोय," श्रीमंतराव म्हणाले.

पुष्पावतीबाईंनी हातावरचं पीठ झटकलं. "असं कसं? ऐकायचं असेल तर रीतसर अर्ज करा. तीन प्रतींत."

श्रीमंतरावांनी कप खाली ठेवला, उठले आणि कार्बन पेपर शोधायला गेले.